शहरं रेल्वेनं, घाट गाडीनं

जर्मनीत शिकणाऱ्या माणसाला गाडी लागत नाही. विद्यापीठाच्या तिकिटावर शहर फिरता येतं, म्युनिकहून व्हेनिसला थेट रेल्वे जाते आणि रात्रीच्या बसनं निम्मा युरोप स्वस्तात पालथा घालता येतो. मग भाड्याची गाडी कशाला? तर आल्प्ससाठी. रेल्वेला डोंगर चुकवायचा असतो. ती दरीदरीनं जाते आणि चढ झेपेनासा झाला की बोगद्यात शिरते. खिंडीच्या माथ्यावर उभं राहून दोन्हीकडच्या दऱ्या बघायच्या असतील, तर तिथवर चाकं आपली लागतात. म्हणून बेत असा आखला: शहरं कमीत कमी, घाट जास्तीत जास्त. म्युनिकहून ब्रेनर खिंडीमार्गे इटली, तिथले डोलोमाइट्सचे डोंगर, व्हेनिस, तिथून स्लोव्हेनिया आणि परतताना ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉकनरचा घाट.

महिना सप्टेंबर. परीक्षा संपलेल्या, हिवाळी सत्र ऑक्टोबरात, आणि उंचावरचे घाट बर्फानं बंद व्हायला अजून अवकाश.

आम्ही चौघं. एक सारथी, एक खजिनदार, कोलंबियाहून स्थापत्य अभियांत्रिकी शिकायला आलेली एक मैत्रीण (तिला आम्ही इंजिनियरीणबाई म्हणतो, आणि तिला ते व्यवस्थित उच्चारता येतं), आणि नकाशा सांभाळणारी मी. सारथी एकच असण्याचं कारण सरकारी आहे. भारतीय परवाना जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतो, कोलंबियाचाही तितकाच. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा देऊन जर्मन परवाना काढावा लागतो, आणि तेवढा खर्च आणि चिकाटी आमच्यात एकट्यानंच दाखवली होती. एकाच माणसानं चालवायचं म्हटल्यावर रोजचा पल्ला आपोआप छोटा झाला. सहलीत जे काही चांगलं घडलं, ते बहुतेक त्या छोट्या पल्ल्यामुळे.

शुक्रवार : म्युनिक ते बोल्झानो

गाडी ताब्यात घेताना तीन गोष्टी पाहिल्या. कोणकोणत्या देशांत नेणार ते करारात लिहून घेतलंय का, डिक्कीत त्रिकोण, प्रथमोपचार पेटी आणि चमकणारी जाकिटं आहेत का, आणि इंधनाच्या झाकणावर काय लिहिलंय. डिझेल होतं. अनामत रक्कम क्रेडिट कार्डावरच अडकवून ठेवतात, आणि विद्यार्थ्यांकडे बहुधा नुसतं डेबिट कार्ड असतं. आमच्यापैकी सारथ्याकडे दोन्ही होतं. शिवाय त्यानं नुकतीच पंचविशी ओलांडली होती, म्हणून तरुण चालकांवर लावतात तो जादा आकारही वाचला. थोडक्यात, त्याच्याशी भांडण करणं या सहलीत कोणालाच परवडणारं नव्हतं.

ऑटोबानबद्दल लोक वेगाच्याच गोष्टी सांगतात. वेगमर्यादा नसलेले पट्टे आहेत, तिथंही १३० ची शिफारस असते. मला त्याहून थक्क केलं ते वाहतूक तुंबल्यावर. गाड्या थांबायच्या आतच सगळ्यात डावी रांग डावीकडे सरकली, उरलेल्या उजवीकडे, आणि मध्ये रुग्णवाहिकेसाठी एक लांब गल्ली तयार झाली. कोणी सांगितलं नाही, कोणी हॉर्न वाजवला नाही. रुग्णवाहिका तर आलीही नाही.

सीमेच्या अलीकडच्या पंपावर ऑस्ट्रियाचं विग्नेट घेतलं. हा महामार्गाचा पास, काचेवर चिकटवायचा. दहा दिवसांचा घेतला, म्हणजे परतीलाही तोच पुरेल. पण ब्रेनरचा महामार्ग त्यात येत नाही, त्याचा टोल निराळा. इन्सब्रुक सोडलं की लगेच युरोपा पूल लागतो. १९६३ मध्ये खुला झाला, दरीच्या तळापासून सुमारे १९० मीटर उंच. गाडीतून तो कळतच नाही. आपण नुसत्या एका रुंद रस्त्यावर असतो. इंजिनियरीणबाईंच्या हट्टामुळे आम्ही खालच्या जुन्या रस्त्याला उतरलो आणि तिथून मान वर करून त्याचे खांब पाहिले. मग आपण कशावरून जाणार होतो ते समजलं.

ब्रेनर १३७० मीटरवर आहे, आल्प्सच्या मुख्य खिंडींमध्ये बरीच बुटकी, म्हणूनच सगळा मालवाहू युरोप इथून जातो. इथं मात्र रेल्वेही १८६७ पासून थेट माथ्यावरून जाते. पण तिच्याही पोटाखाली आता ५५ किलोमीटरचा बोगदा खणला जातोय. तो झाला की रेल्वेतल्या माणसाला ही खिंड दिसायची नाही.

इटलीत शिरलो तरी पाट्यांवर जर्मन सुटेना. दक्षिण टिरोल पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या तहानं, ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. आजही गावांची नावं दोन भाषांत, काही खोऱ्यांत लाडिन धरून तीन. बोल्झानोच्या जुन्या भागात गाडी न्यायची नाही हे आधीच ठरलं होतं. इटलीतल्या बहुतेक जुन्या गावांना गाड्यांसाठी बंदीचा पट्टा असतो. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड काही महिन्यांनी भाड्याच्या कंपनीमार्फत घरी येतो. गाडी बाहेर लावली आणि बसनं आत गेलो.

शनिवार : बोल्झानो ते कोर्तिना

बोल्झानोच्या संग्रहालयात ओत्झी आहे. १९९१ मध्ये हिमनदीच्या बर्फातून निघालेला, पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस. संग्रहालय उघडायच्या आत आम्ही गाव सोडलं. यावर खजिनदार पुढे दोन दिवस बोलत होता. पण दिवस घाटाचा होता, आणि तो सुद्धा साधासुधा नाही. बोल्झानो ते कोर्तिना हा डोलोमाइट्सचा मोठा रस्ता १९०९ मध्ये पूर्ण झाला, प्रवाशांना डोंगर दाखवायला म्हणूनच बांधलेला. कोस्तालुंगा, पोर्दोई आणि फाल्झारेगो अशा तीन खिंडी तो एका दिवसात पार करतो.

पहिला थांबा कारेर तळं. हिरवं पाणी, मागे लातेमारचे सुळके, फोटोत असतं तसंच. फक्त आजूबाजूचं जंगल फोटोतलं राहिलेलं नाही. ऑक्टोबर २०१८ मधल्या व्हाया वादळानं इथली स्प्रूसची झाडं उतारच्या उतार आडवी केली. आता त्या जागी खुंट आणि गुडघाभर नवी रोपं आहेत.

पोर्दोई २२३९ मीटर. कनाझेईकडून चढताना सारथी पहिल्यांदा गप्प झाला. दुसरा गिअर, वळण, तिसरा गिअर, पुन्हा दुसरा. प्रत्येक वळणावर क्रमांकाची पाटी. मोटारींची गर्दी मुळीच त्रासाची नव्हती, त्रास सायकलवाल्यांचा. तोही अपराधी वाटण्याचा. आम्ही डिझेल जाळत चढतोय आणि साठीचे आजोबा पेडल मारत. माथ्यावर फाउस्तो कोप्पी या इटालियन सायकलपटूचं स्मारक आहे, त्यापाशी ते सगळे टेकून फोटो काढतात. आम्ही लांबच उभे राहिलो. तिथं आमचा हक्क नव्हता.

अराब्बाकडे उतरताना तेहेतीस वळणं. ब्रेकवर पाय दाबून न ठेवता इंजिनाच्या जोरावर गाडी आवरायची, हे सारथ्यानं घोकून ठेवलं होतं. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडत राहिलं, ब्रेक मात्र थंड राहिले.

फाल्झारेगोपाशी रोपवेनं लागाझुओईला गेलो. वर २७५० मीटरवर विश्रामगृह आहे आणि डोंगराच्या आत पहिल्या महायुद्धातले बोगदे. इटालियन आणि ऑस्ट्रियन सैनिक या एकाच डोंगराच्या वेगवेगळ्या कंगोऱ्यांवर दोन वर्षं बसून होते. समोरच्याला गोळी लागेना तेव्हा दोघांनी आतून डोंगर पोखरायला घेतला, शत्रूच्या पायाखाली सुरुंग पेरायला. त्या बोगद्यातून खाली पायी उतरता येतं. हेल्मेट आणि कपाळावरचा दिवा भाड्यानं मिळतो. पायऱ्या ओल्या आणि उंच, एका हाताला तारेचा दोर. मधूनच भिंतीत खिडकी येते, तोफेची. तिच्यातून बाहेर बघितलं की खाली तोच घाट, ज्यावरून आम्ही आलो होतो, आणि त्यावर रंगीत गाड्यांची शांत रांग. खाली पोचेस्तोवर माझे गुडघे थरथरत होते.

कोर्तिनात थांबणं आमच्या ऐपतीबाहेरचं. १९५६ च्या हिवाळी ऑलिंपिकचं हे गाव फेब्रुवारी २०२६ च्या ऑलिंपिकसाठी पुन्हा खणून ठेवलेलं होतं. पुढच्या एका लहान गावात वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. सूर्य मावळताना सुळके गुलाबी होतात म्हणतात. झाले. दहा मिनिटं, मग राखाडी.

रविवार : वायोंत, मग मेस्त्रे

या दिवसाबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण आम्हाला वाटलं होतं हा नुसता खाली उतरण्याचा दिवस.

कोर्तिनाहून व्हेनिसच्या रस्त्यावर लोंगारोने नावाचं गाव लागतं. डोंगरातल्या गावात जुनी घरं असायला हवीत, इथं सगळं काँक्रीट, सगळं एका वयाचं. इंजिनियरीणबाई म्हणाल्या, उजेड आहे तोवर डावीकडे वर चला. वळणावळणाचा अरुंद रस्ता, बोगदे, आणि एकाएकी घळीत उभी ठाकलेली भिंत. वायोंत धरण, उंची सुमारे २६२ मीटर. बांधलं गेलं तेव्हा जगातल्या सर्वांत उंच धरणांपैकी एक.

धरणाला काही झालेलं नाही. हेच आधी कळत नाही. भिंत जशीच्या तशी आहे, वरचा कडा थोडा खरवडलेला. पाणी मात्र नाही. भिंतीमागे तळ्याच्या जागी एक टेकडी आहे, झाडांनी भरलेली. ती टेकडी म्हणजे मोंते तोक डोंगराची एक बाजू. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री ती घसरून तळ्यात आली. सुमारे २६ कोटी घनमीटर दगडमाती, पाऊण मिनिटाच्या आसपास. तळ्यातलं पाणी उसळलं, भिंतीवरून पलीकडे गेलं आणि खालच्या लोंगारोनेवर पडलं. सुमारे दोन हजार माणसं गेली.

इंजिनियरीणबाईंनी हे वर्गात शिकलेलं होतं. त्या सांगत होत्या की डोंगर सरकतोय हे माहीत होतं. तळं भरलं की वेग वाढायचा, उतरवलं की कमी व्हायचा, आणि मंडळींना वाटत राहिलं की पाण्याच्या पातळीनं डोंगराला लगाम घालता येईल. १९६० मध्येच एक लहान कडा तळ्यात पडला होता, डोंगरावर दोन किलोमीटरची भेग पडली होती. गावकऱ्यांची भीती छापणाऱ्या तीना मेर्लिन या पत्रकार बाईंवर तर खोटी घबराट पसरवल्याचा खटला भरला होता. त्यात त्या निर्दोष सुटल्या. आणि तीन वर्षांनी डोंगर आला.

ज्या युरोपा पुलाखाली मान वर करून आम्ही दोन दिवसांपूर्वी उभे होतो, तोही १९६३ चाच. हे इंजिनियरीणबाईंनीच लक्षात आणून दिलं. भिंतीचं काँक्रीट तर उत्तम आहे, त्या म्हणाल्या, परीक्षेत पूर्ण गुण मिळतील इतकं. खजिनदारानं ओत्झीचा विषय नंतर काढला नाही.

संध्याकाळी पठारावर उतरलो. मक्याची शेतं, गोदामं, महामार्ग, टोल. इटलीत आत शिरताना यंत्रातून चिठ्ठी घ्यायची आणि बाहेर पडताना अंतराप्रमाणे पैसे भरायचे. व्हेनिसच्या अलीकडच्या मेस्त्रेला मुक्काम.

सोमवार : व्हेनिस

गाडीचा अडथळा होणारा दिवस. व्हेनिसच्या पुलाच्या टोकाला चाकांचं राज्य संपतं आणि तिथल्या गाडीतळाचे दर बेटाला शोभतील असेच आहेत. मेस्त्रेला गाडी सोडून दहा-बारा मिनिटांत रेल्वेनं पोचलो. सकाळी सातच्या सुमाराला गल्ल्या रिकाम्या होत्या, भाजीची नाव आली होती, माणसं आपापल्या घरची कामं करत होती. दहानंतर आम्हीच तिथल्या गर्दीचा भाग झालो. इंजिनियरीणबाईंना भरतीचं पाणी अडवणारी मोझे यंत्रणा बघायची होती. २०२० पासून ती वापरात आहे, तिची ७८ दारं एरवी समुद्राच्या तळाशी आडवी पडलेली असतात. म्हणजे बघण्यासारखं काहीच नाही. त्यांनी तरी वापोरेत्तोतून, म्हणजे तिथल्या पाण्यातल्या बसमधून, त्या दिशेला बराच वेळ पाहिलं.

मंगळवार : श्कोत्स्यान आणि ल्युब्लियाना

स्लोव्हेनियाचं विग्नेट काचेवर लावायचं नसतं. ते गाडीच्या क्रमांकावर ऑनलाइन चढतं. चौकीच्या रिकाम्या छपराखालून वेग कमी करून गेलो आणि देश बदलला.

सगळे पोस्तोयनाच्या गुहेला जातात, तिथं १८७२ पासून आत रेल्वे आहे. आम्ही श्कोत्स्यानला गेलो, कारण तिथं चालावं लागतं आणि आत खरी नदी आहे. रेका नदी डोंगरात शिरते ती तीस किलोमीटरहून जास्त अंतर जमिनीखालून काढते आणि इटलीत तिमावो या नावानं बाहेर येते. सीमा, पासपोर्ट वगैरे काही नाही. गुहेतला पूल पाण्यापासून ४५ मीटरवर. खाली दिव्यांच्या रांगेत नदी दिसते थोडी, ऐकू येते फार. आत फोटोला मनाई होती, ते बरंच झालं.

ल्युब्लियाना मला व्हेनिसपेक्षा आवडलं, आणि हे मी चारचौघांत सांगते. मध्यभाग गाड्यांना बंद, नदीकाठी झाडं, आणि योझे प्लेच्निक या वास्तुकारानं सबंध शहराला लावलेला हात. एका पुलाशेजारी पादचाऱ्यांसाठी आणखी दोन बांधून त्यानं तीन पूल केले. गरज एवढीच होती की लोकांना ट्रामच्या वाटेत यावं लागू नये.

बुधवार : ब्लेड, व्रशिच, बोवेत्स

ब्लेडचं तळं बेटासकट अगदी पोस्टकार्डासारखं आहे. क्रीमचा चौकोनी केक खाल्ला, बेटावरच्या नव्याण्णव पायऱ्या लांबूनच मोजल्या आणि निघालो.

व्रशिच १६११ मीटरच आहे, पण दोन्ही बाजू मिळून पन्नास वळणं. क्रान्स्का गोराच्या बाजूची वळणं अजून दगडी फरसबंदीची आहेत. वळणावर टायर खडखडतात, पुढे पुन्हा डांबर. आठव्या वळणापाशी झाडीत एक लहानसं लाकडी रशियन चर्च आहे. हा रस्ता पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला. खाली सोचा नदीच्या आघाडीवर ऑस्ट्रो-हंगेरीच्या सैन्याला रसद पोचवायची होती. मार्च १९१६ मध्ये हिमकडा कोसळला आणि शंभराहून जास्त कैदी गाडले गेले. जे वाचले त्यांनी हे चर्च बांधलं.

त्यानंतर सारथ्यानं गाणी बंद केली. कोणी सांगितलं नव्हतं.

पलीकडे सोचाचं खोरं. पाण्याचा रंग खोटा वाटतो, इतका निळा-हिरवा. याच नदीकाठी १९१५ ते १९१७ मध्ये बारा लढाया झाल्या. आता इथं राफ्टिंगवाले, तंबू, आणि पाण्यात घोट्यापर्यंत जाऊन ओरडत परत येणारे आमच्यासारखे. बोवेत्सच्या कॅम्पवर रात्री इतकी थंडी पडली की खजिनदारानं चमकणारं जाकीटही अंगात घातलं.

गुरुवार : प्रेडेल ते हायलिगनब्लुट

न्याहारी स्लोव्हेनियात, कॉफी इटलीत, जेवण ऑस्ट्रियात. प्रेडेल खिंडीतली चौकी ओस होती. इटलीनं ऑक्टोबर २०२३ पासून स्लोव्हेनियाच्या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे, पण त्या सकाळी तिथं फक्त मोटारसायकलवाले सँडविच खात होते. फिलाखपर्यंत महामार्ग, मग म्योल नदीच्या काठानं वर वर. पाऊस. बाकी सांगण्यासारखं काही नाही. संध्याकाळी हायलिगनब्लुटच्या टोकदार चर्चमागे जिथं ग्रोसग्लॉकनर दिसायला हवा होता, तिथं ढग होता.

शुक्रवार : ग्रोसग्लॉकनर, मग घर

ढग गेला. रस्ता सकाळी लवकर उघडतो, आम्ही पहिल्या काही गाड्यांत होतो. एका दिवसाच्या पासाचे चाळीस युरोंहून जास्त, चौघांत वाटून घेतले. ४८ किलोमीटर, ३६ वळणं, १९३५ मध्ये खुला झाला. पोर्दोई आणि व्रशिचनंतर हा सोपा वाटला. रुंद आहे, चढ एकसारखा आहे. नवशिक्यानं खरं तर इथून सुरुवात करावी.

आधी फाट्यानं फ्रान्झ योझेफ माथ्यावर गेलो. समोर ३७९८ मीटरचं ग्रोसग्लॉकनर, ऑस्ट्रियातलं सर्वांत उंच शिखर, आणि खाली पास्तेर्झे, तिथली सर्वांत लांब हिमनदी. ज्याचं नाव या माथ्याला आहे तो सम्राट इथं १८५६ मध्ये आला होता, तेव्हा बर्फ बरंच वर होतं. आता खाली उतरणाऱ्या पायवाटेवर अमुक साली बर्फ इथवर होतं, अशा पाट्या आहेत. आम्ही उतरत गेलो, पाट्यांवरची सालं आमच्या जन्मसालांपाशी आली, मागे पडली, आणि बर्फ अजून लांबच. खाली करड्या पाण्याचं तळं, खडी, आणि त्यापलीकडे मळका बर्फ.

होखटोरला २५०० मीटरवर बोगद्यातून पलीकडे गेलो. हा रस्ता खणताना, १९३३ मध्ये, इथं रोमन काळातली हर्क्युलिसची छोटी कांस्यमूर्ती सापडली होती. म्हणजे त्या खिंडीतून माणसं तेव्हाही जात होती, आणि त्यांनाही माथ्यावर कोणाचे तरी आभार मानावेसे वाटत होते. बाकी बहुतेक उतार, फूशपर्यंत. झेल आम झे, लोफर, आणि जर्मन सीमेवर मात्र पोलीस. इथली तपासणी २०१५ पासून चालू आहे. तीन पासपोर्ट भारताचे, एक कोलंबियाचा, चार निवासकार्डं. पोलिसानं ती पत्त्यांसारखी पिसली, आत डोकावून जाकिटातल्या खजिनदाराकडे पाहिलं, आणि जा म्हणाला.

म्युनिकच्या अलीकडे टाकी भरली. सारथी सीट मागे टाकून पडला होता. मागे खजिनदार हिशेब करत होता आणि मधूनच त्यानं विचारलं, स्टेल्व्हिओचा घाट किती उंच? मी सांगितलं: २७५७ मीटर, एका बाजूनं ४८ वळणं, उन्हाळ्याच्या तोंडाला उघडतो. सारथी डोळे न उघडताच म्हणाला, की त्याला ऑटोमॅटिक गाडी हवी.